चौथा कौल

सोमवार, ३ मार्च

ही वही आणली होती आईच्या डोळ्यांच्या थेंबांची नोंद ठेवायला. पण दवाखान्यानं छापील तक्ताच दिला, तो फ्रिजवर चिकटवला आणि वही उरली. कोरी वही नुसती पडून राहिली की माझा जीव खालीवर होतो, म्हणून आजपासून रोजनिशी. निमित्तही तसंच आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी मला खेळ खेळायची नोकरी लागली!

आई म्हणाली, लहानपणी ज्याच्यासाठी तुला बदडलं त्याच्यासाठी आता लोक खुर्ची देतात, काय जमाना आलाय. तिला किती समजावलं की खेळायचं नसतं, तपासायचं असतं. छापखान्यात वीस वर्षं मुद्रितं तपासली, तसंच हे. तिथं काना-मात्रा बघायचे, इथं भिंती आणि सावल्या. छापखाना बंद पडल्यावर सगळ्यांनी माझी कीव केली होती. आता सांगते एकेकाला.

जागा झकास आहे. जुन्या गोदामाचा तिसरा मजला, माणसं मोजून तीन. प्रमुखांना सगळे काका म्हणतात. सगळे म्हणजे कोण, तर बोका. बोका ड्रायव्हर लिहितो, दिवसभर गुरगुटून बसलेला असतो आणि दूध प्यायल्यासारखा चहा पितो, म्हणून बोका. त्याला राग येत नाही. आणि तिसरी मी.

माझी खोली सगळ्यांत आतली. अकरा संगणक, अकरा वेगवेगळी ग्राफिक्स कार्डं. पडद्यांवर उजेड पडू नये म्हणून खिडकी नाही, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जाड फोम. एकच दार, पोलादी, त्याच्यावर हवेची जाळी. कोंदट वाटेल म्हणून काका दोनदा माफी मागून गेले. म्हटलं, अहो, छापखान्याच्या तळघरात वीस वर्षं काढलेली बाई आहे मी, हा तर महाल झाला.

मंगळवार, ४ मार्च

संध्याकाळी थेंब घालता घालता आईनं विचारलं, ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा का? मग बसले समजावत. खेळ म्हणतो, मला इथं एक दार हवंय. ग्राफिक्स कार्डाला खेळाची भाषा कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. दुभाष्यानं चुकीचं सांगितलं की दाराच्या जागी काळा चौकोन, नाहीतर हिरवा चिखल. आमचा दुभाष्या मुक्त प्रणालीवर चालतो, म्हणजे तिचं आतलं सगळं लिखाण उघडं असतं, कुणीही वाचावं, दुरुस्त करावं. जगभरचे लोक त्यात रोज काहीतरी बदलतात आणि रोज काहीतरी मोडतात. मी घरच्या जुन्या डबड्यावर पाच वर्षं हीच प्रणाली वापरतेय आणि मोडलेलं दिसलं की चकटफू तक्रारी लिहून पाठवतेय. त्या तक्रारी वाचूनच काकांनी मला बोलावलं. म्हणाले, तुमच्यासारखी नजर नाही बघितली. मी वरवर नको नको म्हटलं, पण दोन दिवस त्याच वाक्यावर जगतेय.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, थेंब नाकात गेला.

काकांचा नियम एकच. ड्रायव्हरची प्रत्येक बांधणी, म्हणजे लिखाणातून तयार केलेली प्रत, चालवून बघायची आणि कौल द्यायचा: चांगलं, वाईट किंवा वगळलं. काही कारणानं तपासता आलं नाही तर वगळलं म्हणायचं, त्याची लाज नाही, फक्त कारण लिहायचं. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय चांगलं किंवा वाईट म्हणायचं नाही. हे सांगताना नेहमीचे हसरे काका हसत नव्हते.

बुधवार, ५ मार्च

आज खरं काम आलं. एक खेळ आहे, हौशी लोकांनी मिळून केलेला, फुकट. रिकामं घर, त्यात आपण एकटे हिंडायचं आणि दिवे लावत जायचं. माणूस नाही, जनावर नाही. शेवटी एक लांब बोळ लागतो, त्याच्या टोकाला दार, दारापलीकडे बाग. नव्या ड्रायव्हरवर ते दारच उमटत नाही. टोकाला सपाट भिंत. ना पुढे जाता येत, ना खेळ संपत. लोकांच्या तक्रारींचा पाऊस पडलाय, सगळ्यांचं म्हणणं एक: आम्ही आत अडकलो.

जुन्या ड्रायव्हरवर दार होतं, नव्यावर नाही, आणि मध्ये एक हजार चोवीस बदल. यातल्या नेमक्या कुठल्या बदलानं दार गिळलं? एकेक तपासत बसलं तर वर्ष जाईल. म्हणून इथं निम्मं-निम्मं करतात. मधोमधचा बदल घ्यायचा, तिथपर्यंतचा ड्रायव्हर बांधायचा, बोळात जाऊन बघायचं. दार आहे? चांगलं. म्हणजे दोषी बदल पुढच्या निम्म्यात. दार नाही? वाईट. म्हणजे मागच्या निम्म्यात. उरलेल्याचं पुन्हा निम्मं. दहा कौलांत एक हजार चोवीसमधला एक बदल हातात. मला तर हे इतकं आवडलं की जेवताना आईला भाकरी निम्मी-निम्मी करून दाखवली. ती म्हणाली, आता खाऊ देशील का?

अकराही यंत्रांसाठी बांधायचं म्हणजे जुनी कार्डं रडतात, दिवसाला एक कौल होतो, फार तर दोन. आज पहिला झाला. वाईट. उरले पाचशे बारा.

गुरुवार, ६ मार्च

रजा. आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डाव्यानं तिला आधीच धुकं दिसतं, त्यामुळे उजव्यावर पट्टी म्हणजे बाई आंधळीच. नेताना बसमधून उतरून दवाखान्यापुढचा तो आठ पदरी रस्ता ओलांडावा लागला. गाड्या म्हणजे नुसत्या गोळ्या सुटतात. आईनं माझा हात असा धरला की नखं रुतली. मी अख्खा रस्ताभर तिच्यावर ओरडत होते, पाय उचल, थांबू नकोस, माझ्याकडे सरक. पलीकडे गेल्यावर म्हणाली, तुझं तोंड चालू असलं की मला बरं वाटतं, कळतं तू कुठं आहेस ते.

पुढच्या शुक्रवारी, चौदाला, दुपारी तीन वाजता तपासणी. काकांना आजच फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगून ठेवली.

शुक्रवार, ७ मार्च

दुसरा कौल चांगलं, तिसरा वाईट. उरले एकशे अठ्ठावीस. दार पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. साधं लाकडी दार, पितळी मूठ, खालच्या फटीतून बागेचा उजेड. काय सुख वाटलं म्हणून सांगू!

दुपारचे थेंब शेजारच्या मावशी घालतात, सकाळ-संध्याकाळचे मी. सात वाजायच्या आत घरी पोचलं की झालं. आई कुरकुर करते की मी हात कडक लावते. लावते. हलली तर काय करू?

सोमवार, १० मार्च

एक गोष्ट लिहायची की नाही, घरी आल्यापासून ठरत नव्हतं. लिहिते. वहीशी तरी खोटं नको.

चौथी बांधणी दिवसभर रखडली. दोन यंत्रं मध्येच बंद पडली, पुन्हा बांधावं लागलं. साडेपाचला मावशींचा फोन, आईचा डोळा लाल झालाय, पाणी थांबत नाही, आणि त्यांना स्वतःला बाहेर जायचंय. बांधणी संपली पाच पन्नासला. खेळ चालू करून त्या बोळाच्या टोकापर्यंत जायला पंचवीस मिनिटं लागतात, आणि सहाची बस गेली की पुढची पावणेसातला.

वगळलं म्हणता आलं असतं. पण मग कारण लिहा, काकांना सांगा, की ज्यांच्या नजरेचं एवढं कौतुक केलंत त्या बाई आज न बघता चालल्या. जीभ रेटली नाही. म्हटलं, दार असणारच, आधीच्या टप्प्यात होतं की. चांगलं म्हणून कौल दिला, पिशवी उचलली आणि पळाले.

आईला लगेच दवाखान्यात नेलं. घाबरण्यासारखं नाही, पण जंतू शिरलेत. पुन्हा पट्टी. शुक्रवारच्या तपासणीपर्यंत फक्त थेंब घालण्यापुरती उचलायची. ती इतकी गप्प होती की मलाच रडू आलं. एका कौलानं काय होतंय. छापखान्यात काय कमी चुका सुटल्या?

मंगळवार, ११ मार्च

पाचवा वाईट. सहावा वाईट. उरले सोळा.

सहाव्याच्या वेळी बोळाच्या टोकाला कुणीतरी उभं होतं.

आधी वाटलं, सावली विस्कटलीय. जवळ गेले. बाई होती. भिंतीकडे तोंड करून, जिथं दार असायला हवं तिथं, नाक टेकेल इतकी जवळ. हलत नव्हती. मी बोक्याला ओरडून बोलावलं. तो येईपर्यंत भिंत मोकळी. त्यानं खेळाच्या सगळ्या फायली उघडून दाखवल्या, त्यात माणसाचा एकही पुतळा नाही. नसलेली गोष्ट ड्रायव्हर कुठून उमटवणार, म्हणाला, आणि मला घरी जाऊन झोपायचा सल्ला दिला. बोक्याकडून झोपेचा सल्ला, म्हणजे तज्ज्ञाचाच.

निघताना एक गंमत झाली. गंमत कसली. खोलीच्या दाराची मूठ सापडेना. हात नुसता फोमवर फिरतोय. पाच-दहा सेकंदच असतील. मग मूठ हाताला लागली, होती तिथंच. आपण किती दमलोय ते अशानं कळतं.

बुधवार, १२ मार्च

सातवा वाईट. उरले आठ.

हे आता मला कळतंय, आणि मला कळतंय हेच वाईट आहे. मध्ये कुठं खोटं चांगलं पडलं की नंतरचे सगळे कौल वाईट येतात. एकामागून एक, शेवटपर्यंत. कारण खरा दोषी मागेच राहिलेला असतो आणि आपण भलत्याच निम्म्यात शोधत असतो. काकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. लागोपाठ तीन वाईट आले. काकांनी विचारलंही, सगळे नीट बघितलेत ना? मी म्हटलं, अहो म्हणजे काय. असं म्हणताना कान तापले माझे.

ती बाई आज बोळाच्या मधोमध होती, पाठमोरी. मी यावेळी कुणाला हाक मारली नाही. मागून अगदी जवळ गेले. तपकिरी स्वेटर. डाव्या कोपरावर निळ्या धाग्यानं रफू. तो रफू मीच केलाय, तपकिरी धागा संपला होता म्हणून निळ्यानं. स्वेटर माझ्या अंगावर होता.

यंत्र बंद केलं. कळ दाबून नाही, वायर उपटून.

संध्याकाळी दाराच्या कडा दिसत नव्हत्या. फोममधून नुसती मूठ बाहेर आलेली. ओढली तर दार उघडलं. बाहेर बोका चहा पीत बसला होता. त्याला मी सांगणार काय?

गुरुवार, १३ मार्च

आठवा, नववा. वाईट, वाईट. पडद्याकडे नीट बघितलंही नाही, फक्त टोकाची भिंत बघितली. बोळात ती नव्हती. नव्हती याचं बरं वाटलं. मूर्ख मी.

घरी पोचले सहा पन्नासला. आईची पट्टी नीट बसवलेली, उशी सारखी केलेली. थेंबांची बाटली हातात घेतली तर म्हणाली, अगं बये, किती वेळा घालशील, मघाशी सहाला घातलेस की. मावशींना विचारलं. त्या दुपारनंतर आल्याच नव्हत्या. फ्रिजवरच्या तक्त्यात सहा दहाला खूण होती. माझी खूण. मी बरोबरची खूण करताना शेपटी लांब ओढते, वीस वर्षांची सवय. तशीच लांब शेपटी.

सहा दहाला मी बसमध्ये उभी होते.

आई खूश होती. म्हणाली, आज किती मऊ हात लावलास, एक शब्द बोलली नाहीस, एकदा खेकसली नाहीस. रोज अशी वागलीस तर काय बिघडेल? मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात बोळा कोंबून रडले.

आता कळतंय. दार नव्हतं तिथं मी न बघता आहे म्हटलं. त्या दिवसापासून जे नाही ते असायला लागलंय. आणि जे आहे ते —

उद्या काकांना सगळं सांगणार. नोकरी गेली तरी चालेल. आईला घेऊन तीनला दवाखाना, आणि परत त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी ११

काका दुपारपर्यंत बाहेर आहेत. म्हणून आत आले. फक्त दहावा कौल, तेवढ्यात ते येतील, असं म्हटलं. दहावा वाईट. यंत्रानं निकाल दिला. दोषी म्हणून जो बदल पुढं आला त्यात कुणीतरी एका टिपेतलं शुद्धलेखन सुधारलंय. एवढंच. टीप तर यंत्र वाचतसुद्धा नाही. हसू आलं.

हसत उठले. दार नाही.

११.२०

मूठ नाही. कडा नाहीत. चारही भिंती हातानं चाचपल्या, खालपासून वरपर्यंत. नखांनी फोम खरवडला, आत वीट लागली. जुनी वीट, चुन्यात बसलेली. जाळी तेवढी आहे, हात पोचत नाही. खुर्चीवर चढून ओरडले. घसा बसला.

११.४५

काका आले. जाळीतून आवाज येतो. बोका काहीतरी म्हणाला, काका हसले. मी किंचाळले. कुणी हललंही नाही. मग तिसरा आवाज. हळू, गोड. म्हणाली, येते हं मी, आईची तपासणी आहे, सांगितलं होतं ना.

तो माझा आवाज होता. काकांनी तिला सावकाश जा म्हटलं.

१२.१०

फोनवरून कुणालाच लागत नाही. यंत्रातून बोक्याला लिहिलं, मी चाचणीखोलीत आहे, दार नाहीसं झालंय, काढ मला. त्यानं हसणारं तोंड पाठवलं. विचारलं, बसमधून लिहितेस का? मी पुन्हा लिहिलं, आईशपथ खोलीत आहे. तो म्हणतो, मी त्याच खोलीत उभा आहे, खुर्ची रिकामी आहे, दिवा तेवढा चालू ठेवून गेलीस.

मी त्या खुर्चीवर बसलेय. इथं कुणी नाही. कुणी आलं नाही.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते आज कळलं. ती घरी जातेय. आईला दिसत नाही.

१.३०

एकच उपाय सुचतो. लिहिलं त्याला. चौथा कौल खोटा होता, बघितलं नव्हतं मी, घाईत होते, लाज वाटली म्हणून लपवलं. तू स्वतः चौथी बांधणी पुन्हा कर, स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि खरा कौल टाक. एवढं कर, पाया पडते.

मग आलं, अगं आधी सांगायचंस ना. रागावला नाही. बांधायला घेतो म्हणाला. एकच यंत्र, चाळीस मिनिटं, मग बोळाच्या टोकापर्यंत पंचवीस.

जिवात जीव आला. खरा कौल पडला की जे नाही ते नाही होईल. ती जाईल. दार येईल. रिक्षा मिळाली तर मी तीनपर्यंत दवाखान्याच्या दारात. आईवर इतकी ओरडेन, इतकी ओरडेन की —

२.१५

बांधणी झाली. बोका खेळात शिरला. माझ्या पडद्यावर दिसतंय, एकेक दिवा लागतोय.

२.३५

आईचा फोन. लागला! तिचा लागला.

कुजबुजत होती. म्हणाली, घरातून निघाल्यापासून तू एक शब्द बोलली नाहीस, रस्ता आला तरी ओरडली नाहीस. म्हणून खिशातल्या खिशात एक नंबरची, तुझ्या फोनाची कळ दाबली, तुझ्या पिशवीत फोन वाजतो का बघायला. वाजला नाही. तू तर इथं फोनवर बोलतेयस. मग माझा हात कुणी धरलाय?

मागे भोंगे. गाड्या. रस्त्यात आहेत. आठ पदरी. आत्ता.

ती नाहीशी होईल. मी सांगितलंय तसंच. बोका टोकाला पोचला की. आई मध्येच उभी राहील, पट्टी बांधलेली, एकटी

२.३७

बोक्याला लिहिलं, थांब. लिहिलं, मघाशी खोटं बोलले, चौथं बघितलं होतं मी, दार होतं, चांगलंच होतं. राहू दे तसंच. कायमचं राहू दे. मी इथं राहीन.

वाचत नाही. दिवे लावतोय. बोळात आलाय.

आईला म्हटलं, घाबरू नकोस, हात माझाच आहे. घट्ट धर. ती म्हणाली, खरं सांग. म्हटलं, माझाच गं. चालत राहा. थांबू नकोस. पाय उचल. मी ओरडतेय, ऐकू येतंय ना, ओरडतेय मी

२.३९

भिंतीत रेघ उमटली. उभी. आता आडवी. मूठ.

दार नको. आत्ता नको. देवा, दोन मिनिटं

पाठ लावून बसलेय दाराला, वही गुडघ्यावर. ते आपोआप उघडतंय. खालून उजेड येतोय. पाय जमिनीत रोवलेत तरी सरकतेय

किती राहिलं, आई? म्हणते, माहीत नाही, दिसत नाही

म्हणते, हात हलका झाला

आई, पळ. समोर पळ. माझा आवाज सोडू नकोस, पाय उच —